एडिट केलेला फोटो कशात ठेवावा: जेपेग, टिफ की पीएनजी?

समजा, बडोद्याच्या तांबेकर वाड्यातल्या 19व्या शतकातल्या भित्तिचित्रांचे फोटो तुम्ही रॉमध्ये (कॅमेऱ्याची प्रक्रिया न झालेल्या कच्च्या फाइलमध्ये) काढलेत, रंग जुळवलेत, अंधारे कोपरे उजळलेत. आता सेव्ह करायची वेळ आली की हात सवयीने जेपेगकडे जातो. ही फाइल पुन्हा उघडण्याची थोडी जरी शक्यता असली, तरी मुख्य प्रत काही न गाळता साठवणाऱ्या टिफमध्येच ठेवा, असं माझं मत आहे.

जेपेग वाईट नाही, पण तो फाइल लहान करण्यासाठीच जन्मलाय. चित्राचे 8 बाय 8 पिक्सेलचे चौकोन पाडून डोळ्याला सहसा न जाणवणारा तपशील तो टाकून देतो. बदल करून पुन्हा सेव्ह केलं की आणखी थोडा जातो. (नुसतं उघडून बघितल्यानेही फाइल बिघडते, हा गैरसमज फार पसरलाय; तसं काही होत नाही.) जास्त दाबलेल्या जेपेगमध्ये एखाद्या लाल पागोट्याची कड 200 टक्के मोठी करून बघा. काळ्या रेघेभोवती मळकट ठिपके दिसतील, लाल रंग कडेबाहेर ओघळल्यासारखा वाटेल. जेपेग बहुधा उजेडापेक्षा रंगाची माहिती कमी बारकाईने साठवतो, त्याचा हा परिणाम.

शिवाय जेपेगमध्ये दर चॅनेलला (लाल, हिरव्या, निळ्या प्रत्येक रंगाला) 256 पायऱ्या, म्हणजे 8 बिट; 16 बिट टिफमध्ये 65,536. भिंतीचा पिवळसर रंग हळूहळू गडद होतो, तिथे नंतर कॉन्ट्रास्ट ताणला की 8 बिटमध्ये पट्टे उमटतात.

टिफला जागा मात्र भरपूर लागते. 24 मेगापिक्सेलचा फोटो 16 बिटमध्ये, कॉम्प्रेशनशिवाय, 144 एमबी. लेयर (एडिटिंगचे वेगवेगळे थर) ठेवलेत तर अजून जास्त. सेव्ह करताना कॉम्प्रेशनच्या (फाइल दाबण्याच्या) पर्यायांत झिप निवडा. एलझेडडब्ल्यू या दुसऱ्या पर्यायाने 16 बिटची फाइल कधीकधी उलट फुगते.

पीएनजीतही काही गळत नाही, 16 बिटही चालतं, पण सीएमवायके (छपाईच्या चार शायांची रंगपद्धत) नाही. लोगोला, स्क्रीनशॉटला झकास. छापायच्या फोटोसाठी मी घेणार नाही. सगळं काम फोटोशॉपमध्येच असेल तर पीएसडी (फोटोशॉपची स्वतःची फाइल) ठेवली तरी हरकत नाही.

नवरात्रात गरब्याचे ढीगभर फोटो त्याच रात्री मंडळाला द्यायचे असले, तर टिफच्या भानगडीत पडूच नका. जेपेगच करा: एसआरजीबी (स्क्रीनसाठीची नेहमीची रंगपद्धत), क्वालिटी 90च्या वर, एकदाच एक्सपोर्ट. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर तिथे पुन्हा दाबून बारीक होतात.

फोटो मुळातच जेपेगमध्ये काढलाय? टिफ केल्याने गेलेलं परत येणार नाही, पण पुढच्या प्रत्येक सेव्हला होणारी गळती तरी थांबेल. मूळ जेपेग तेवढी बाजूला जपून ठेवा, तिच्यावर सेव्ह मारू नका.