सरकारी कॉलेजातली फिजिओथेरपी: पहिलं वर्ष सरताना

नीटचा निकाल लागला की गावाकडून फोन सुरू होतात. "फिजिओ कसं आहे गं? घालू का पोरीला?" प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते. बी.पी.टी.एच.चं, म्हणजे फिजिओथेरपीच्या पदवीचं, पहिलं वर्ष सरत आलंय. कॉलेज सरकारी आहे, नाव सांगत नाही, कारण पुढे तक्रारीही करायच्या आहेत.

अभिमत आणि खाजगी विद्यापीठं सोडली तर राज्यातली फिजिओथेरपीची कॉलेजं नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाला जोडलेली आहेत. सिलॅबस एक, पेपर एक, थिअरीत आणि प्रॅक्टिकलमध्ये वेगवेगळे 50 टक्के पाडावे लागतात तेही सगळ्यांना सारखंच. फरक पडतो तो फीमध्ये आणि पेशंटमध्ये. त्यातही मुलींसाठी 2024-25 पासून बरं झालंय. घरचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल, आर्थिक दुर्बल, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) किंवा ओबीसी गटात असाल आणि प्रवेश कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून असेल, तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे. मेस, जर्नलं, एप्रन आणि झेरॉक्स मात्र माफ नाही. झेरॉक्सवाल्याकडे आमच्या बॅचचं खातंच आहे.

आता अभ्यास. अ‍ॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्री, आणि आमचे स्वतःचे दोन: किनेसिओथेरपी (व्यायामाने उपचार) आणि इलेक्ट्रोथेरपी (विजेच्या मशिनने उपचार). बायोकेमिस्ट्रीबद्दल बोलण्यासारखं काही नाही, पाठ करा आणि सुटा. अ‍ॅनाटॉमी सगळ्यात जास्त वेळ खाते. "तुम्हाला काय, मसल्सच तर करायचेत" असं बाहेरचे म्हणतात. पण स्नायू कुठून निघतो, कुठे चिकटतो, त्याला नर्व्ह कुठली आणि तो काम काय करतो, ही चार उत्तरं हातापायांच्या प्रत्येक स्नायूची झोपेतून उठवलं तरी यावी लागतात. मृतदेह टिकवायला वापरतात त्या फॉर्मॅलिनने डोळे चुरचुरतात. जेवण चार-आठ दिवस जात नाही, मग जातं.

मला खरी मजा आली ती किनेसिओच्या प्रॅक्टिकलला. तिथे पेशंट नसतो, पार्टनर असते. एक जण पलंगावर, दुसरी गोनिओमीटर घेऊन उभी. गोनिओमीटर म्हणजे दोन पट्ट्या जोडलेला कोनमापकच. गुडघा मोजायचा तर मधला खिळा गुडघ्याच्या बाहेरच्या उंचवट्यावर, एक पट्टी वर ग्रेटर ट्रोकॅन्टरच्या, म्हणजे मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला बाहेरून असलेल्या उंचवट्याच्या रोखाने, दुसरी खाली बाहेरच्या घोट्याच्या. पुस्तकात एवढंच दिलंय. ट्रोकॅन्टर सापडायला मात्र तास जातो. मांडीच्या वरच्या बाजूला बोटं ठेवायची आणि पार्टनरला पाय आत-बाहेर फिरवायला सांगायचं. मांसाखाली एक टणक गोळा सरकतो, तो हाच. तिघींनी एकच गुडघा मोजला तर सुरुवातीला तीन आकडे येतात. निरोगी गुडघा साधारण 135 अंश वाकतो. मोजण्यातच दहा-पंधरा अंशांचा घोळ असेल, तर पेशंट सुधारला की नाही हे सांगणार कसं? म्हणून मॅडम पुन्हा पुन्हा करायला लावतात. कंटाळा येतो, पण बोटांना डोळे फुटतात ते असेच.

कोपऱ्यात सस्पेन्शनची लोखंडी चौकट आहे: दोऱ्या, एस हुक, कापडी पट्टे. पाय दोरीवर टांगला की त्याचं वजन दोरी पेलते, आणि स्नायूत थोडाच जीव उरलेला असला तरी तो पाय बाजूला हलवू शकतो. पहिल्यांदा बघून आम्ही हसलो होतो, झोपाळा वाटला. देशातली पहिली फिजिओथेरपीची शाळा 1953 मध्ये मुंबईत केईएम रुग्णालयात निघाली ती पोलिओच्या साथीनंतर, हे कळल्यावर ही चौकट कोणासाठी होती तेही कळलं.

ओपीडीत पहिल्या वर्षाला हात लावू देत नाहीत, नुसतं बघायचं. पण काय बघायला मिळतं! खांदा आखडलेले एक आजोबा तालुक्यावरून एसटीने यायचे. भिंतीवरच्या लाकडी शिडीवर बोटं चढवायचा व्यायाम त्यांना दिला होता. रोज येणं परवडत नाही म्हणाले. सीनियर ताईने सांगितलं, "आजोबा, घरच्या भिंतीवर खडूने रेघा मारा आणि बोटं तिथे चढवा. कुठवर पोचलात ते पुढच्या खेपेला सांगा." आजोबांचं म्हणणं वेगळंच, "मशीन लावा ना, व्यायाम काय घरीपण होतो." हा संवाद आमच्या ओपीडीत दिवसभर चालू असतो. गर्दी इतकी की ताईला एकेका पेशंटला समजवायला मोजकी मिनिटं मिळतात. तेवढ्यात पटवायची कला वर्गात कोणी शिकवत नाही.

आता तक्रारी. मशिन्स जुनी आहेत. एकाच्या वायरी इतक्या वेळा चिकटपट्टीने बांधल्यात की मूळ रंग ओळखू येत नाही, आणि इलेक्ट्रोथेरपीच्या प्रॅक्टिकलला अख्खी बॅच त्याच्याभोवती. मागे उभं राहिलात तर फक्त आवाज ऐकू येतो. हॉस्टेलची यादी उशिरा लागते, तोवर रूम शोधत फिरा. फिजिओचा विभाग इमारतीच्या पार मागच्या टोकाला, म्हणजे चालता न येणाऱ्या पेशंटलाच सगळ्यात जास्त चालायला लावलंय. याचं उत्तर कोणाकडे नाही.

डॉक्टर म्हणवून घेता येतं का, हा पाहुण्यांचा ठरलेला प्रश्न. 2021 च्या केंद्रीय कायद्याने आमच्यासह बऱ्याच आरोग्य व्यवसायांसाठी एक राष्ट्रीय आयोग आला, पण नावापुढच्या 'डॉ.'चा वाद 2025 मध्येही पेटलेलाच होता. यासाठीच यायचं असेल तर येऊ नका. एमबीबीएस हुकलं म्हणून येणाऱ्यांचंही तेच. आमच्यातल्या ज्यांच्या डोक्यात रिपीट, म्हणजे पुन्हा नीटची परीक्षा द्यायचं होतं, त्यांचे पहिले महिने फार वाईट गेले. हे हाताचं काम आहे आणि फळ हळू मिळतं. ज्याला माणसाच्या अंगाला हात लावायचा संकोच सोडता येतो आणि त्याच त्या सूचना न चिडता दहादा देता येतात, त्याला आवडेल. माझ्याकडून पाचपैकी चार. एक मशिन्सचा कापला.

प्रवेश घेतलाच तर हाडांचा सेट नवा घेऊ नका, सीनियरकडे मिळतो, शिवाय स्नायूंच्या जागा लाल-निळ्या रंगवून ठेवलेल्या असतात. गोनिओमीटर मात्र स्वतःचा घ्या, पारदर्शक प्लास्टिकचा. खालची खूण दिसते.