दोन चाकं हवेत गेली की कोणती गाडी काय करते?

"फोर बाय फोर आहे ना, मग झालं!" असं म्हणणाऱ्याला मी एकच प्रश्न विचारतो. पुढचं उजवं आणि मागचं डावं चाक एकाच वेळी अधांतरी झालं, तर ही गाडी काय करणार? ब्रोशरमध्ये याचं उत्तर सहसा नसतं, आणि कच्च्या वाटेवर गाडीचा निकाल मात्र इथेच लागतो.

मी हे अडकून शिकलो. पाण्याने कोरलेली एक चर वाटेला तिरकी आडवी गेली होती. क्लचवाली, म्हणजे गरज पडली की क्लचने मागची चाकं जोडणारी ऑल-व्हील-ड्राइव्ह एसयूव्ही त्यात घातली, गाडी कलंडल्यासारखी तिरपी झाली आणि समोरासमोरच्या कोपऱ्यांतली दोन चाकं गरगरायला लागली. जमिनीवर घट्ट टेकलेली उरलेली दोन ढिम्म. मी घाबरून ॲक्सिलरेटर सोडला, दाबला, पुन्हा सोडला. बाहेर उभा असलेला मित्र ओरडला, "अरे सोडू नकोस, धरून ठेव!" धरून ठेवला. क्षणभर नुसती चाकं फिरली, मग खालून कर्रर्र-खट-खट असा आवाज आला आणि कुणी मागून ढकलावं तशी गाडी पुढे सरकली. वर आल्यावर ब्रेकचा जळका वास बराच वेळ येत होता.

त्या वासाचा हिशोब सोपा आहे. डिफरन्शियल म्हणजे वळताना डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जुळणी. साधं, म्हणजे ओपन डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर देतं. चिखलातलं चाक ५० न्यूटन-मीटरच पेलू शकत असेल, तर शेजारच्या कोरड्या दगडावरच्या चाकालाही ५०च मिळतात. समजा, चर चढायला त्या चांगल्या चाकाला ४५० हवेत. अशा वेळी ट्रॅक्शन कंट्रोल, म्हणजे चाकांची घसरण आवरणारी संगणकी व्यवस्था, गरगरणाऱ्या चाकाला ४००चा ब्रेक लावतं. डिफरन्शियलला वाटतं, दोन्हीकडे ४५०चा विरोध आहे, आणि चांगल्या चाकाला हवं ते मिळतं. युक्ती नामी आहे, पण त्या एक्सलवर, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांच्या जोडीवर, ९०० पोचवावे लागले आणि त्यातले ४०० ब्रेकमध्ये जळाले. तेच डिफरन्शियल लॉक असतं, म्हणजे दोन्ही चाकं एकमेकांना बांधलेली असती, तर काम ५००त भागलं असतं, आणि चाक फिरायची वाटही बघावी लागली नसती.

तुलनेचा सगळा गाभा ९०० आणि ५०० या दोन आकड्यांत आहे. ब्रेकवर चालणारी व्यवस्था आधी चाक घसरू देते, मग जागी होते. तिला इंजिनाची ताकद जवळजवळ दुप्पट लागते आणि ती तापते. ब्रेक फार तापले की गाडीचा संगणक ते वाचवायला मदत थांबवतो. चढ मात्र अजून बाकी असतो. लॉकला यातलं काहीच होत नाही. पण लॉक लावून वळायला गेलात तर स्टिअरिंग जड होतं, आतलं चाक फरफटतं, आणि कडक जमिनीवर तसंच दामटलं तर काहीतरी मोडतं.

इथे एक घोळ कायम होतो. बहुतेक क्रॉसओव्हरमध्ये 'लॉक' लिहिलेलं बटण असतं. ते बटण पुढचा आणि मागचा एक्सल एकमेकांना बांधतं, डावं-उजवं नाही. म्हणजे ते दाबूनही माझ्या त्या चरीत दोन चाकं फिरलीच असती. गाडी विकणाऱ्याने "लॉक आहे" म्हटलं, तर "कुठलं?" हे विचाराच.

आता पुढे-मागे ताकद कशी जाते ते पाहू. सर्वांत जास्त दिसते ती मागणीनुसार जोडणारी क्लचची व्यवस्था. हॅल्डेक्स या कंपनीचा असा क्लच १९९८च्या सुमारास ऑडी टीटी आणि फोक्सवॅगन गोल्फमध्ये आला, तेव्हापासून ही पद्धत पसरली. एरवी गाडी पुढच्या चाकांवर चालते, पुढची चाकं घसरली की क्लच आवळून मागे ताकद धाडतो. ओल्या डांबरावर किंवा गवतावर हे झकास. चढावर मात्र वजन मागे सरकतं, पुढची चाकं हलकी होतात आणि आधी तीच घसरतात. म्हणून लॉकचं बटण चढाच्या आधी दाबायचं, अडकल्यावर नाही. खरी कसोटी वाळूत. तिथे क्लच सतत थोडा-थोडा घसरत राहतो, तापतो, डॅशवर इशारा येतो आणि गाडी गुपचूप दोन चाकांवर येते. आधीच्या पिढीच्या डस्टरसारख्या गाड्यांनी पहिला गिअर मुद्दाम फार आखूड (वेग कमी, जोर जास्त) ठेवून यातून बरीच वाट काढली होती, आणि मला तो उपाय वाळू-चिखल असे मोड निवडायच्या कुठल्याही चकरीपेक्षा प्रामाणिक वाटतो.

दुसरा गट कायम चारही चाकांवर चालणाऱ्यांचा. १९७०ची रेंज रोव्हर आणि १९७७ची लाडा निवा, दोन्हींत मधलं, म्हणजे पुढच्या-मागच्या एक्सलमधलं, डिफरन्शियल लॉक करायची सोय होती. तापणारा क्लच मध्ये नाही, त्यामुळे तासभर वाळू तुडवली तरी हरकत नाही. काही गाड्यांत मध्यभागी टॉर्सन नावाचं, जास्त पकड असलेल्या बाजूला आपोआप जास्त जोर देणारं डिफरन्शियल असतं. ते घसरणाऱ्या बाजूच्या पकडीला गुणतं: गुणोत्तर ३ असेल आणि घसरणारी बाजू १०० पेलत असेल, तर दुसरीला ३००पर्यंत. पण शून्याला तिनाने गुणून शून्यच येतं. चाक पूर्ण हवेत असेल तर डाव्या पायाने ब्रेक हलकेच दाबून त्याला थोडा विरोध द्यावा लागतो.

तिसरा गट जुन्या घाटाचा: पार्ट-टाइम, म्हणजे एरवी दोन चाकांवर आणि गरजेला हाताने चार चाकांवर, शिवाय लो-रेंजसह, म्हणजे वेग कमी करून जोर वाढवणाऱ्या जादा गिअरसह. सुझुकी जिम्नी घ्या. तिच्यात लॉकर, म्हणजे एक्सलची डावी-उजवी चाकं बांधणारं लॉक नाही, डावी-उजवी बाजू ब्रेकच सांभाळतो. तरी ती माझ्या त्या एसयूव्हीच्या कितीतरी पुढे जाते, कारण ब्रेकला लागणारी दुप्पट ताकद लो-रेंज आरामात पुरवते, आणि लांब हालचाल करणारे एक्सल चाक सहजासहजी हवेत जाऊ देत नाहीत. हा दुसरा मुद्दा लोक विसरतात. चाक जमिनीवरच राहिलं तर कुठल्याच हुशारीची गरज पडत नाही. जीप रँग्लर रुबिकॉनला दोन्ही एक्सलवर लॉकर आहेत, मर्सिडीज जी-क्लासला मधलं धरून तीन. खडकांत यांच्याशी बरोबरी नाही. रोजच्या रस्त्यावर मात्र रँग्लर आणि जिम्नी उड्या मारतात, हेही तितकंच खरं.

विजेच्या गाड्यांबद्दल थोडक्यात. मोटर क्लचपेक्षा खूप लवकर प्रतिसाद देते, त्यामुळे पुढे-मागे वाटणी सुरेख होते. पण एका एक्सलला एकच मोटर असेल तर डावी-उजवी बाजू पुन्हा ओपन डिफरन्शियल आणि ब्रेकच्याच हाती. टोयोटाच्या २०१९च्या राव-फोर हायब्रिडला मागे स्वतंत्र मोटर आहे, ४० किलोवॅटची; इंजिनापासून मागच्या चाकांपर्यंत दांडा जातच नाही, म्हणजे पुढची चाकं पार रुतली की तेवढ्या ताकदीवरच भागवायचं. रिव्हियनने २०२१मध्ये चार चाकांना चार मोटरी दिल्या. त्यातही एक मर्यादा उरते: लॉकर असलेली गाडी सगळी ताकद एका चाकावर ओतू शकते, इथे प्रत्येक चाकाला आपल्या मोटरपुरतंच मिळतं.

कुणी काय घ्यावं? कच्चा रस्ता, ओलं गवत, बर्फ, कधीतरी एखादी चर, एवढंच असेल तर क्लचवाली गाडी घ्या आणि पैसे टायरवर खर्च करा. फक्त चारही टायर सारखेच झिजलेले असू द्या. एक नवा आणि तीन जुने असले तर क्लच सरळ रस्त्यावरही घसरत राहतो. वाळू आणि खोल चिखल नेहमीचा असेल तर मधलं खरं लॉक आणि लो-रेंज हवं, एक्सलचा लॉकर नसला तरी चालेल. खडक आणि मोठ्या घळी असतील तर निदान मागच्या एक्सलला लॉकर असल्याशिवाय सौदा करू नका.

आणि गाडी कुठलीही घेतलीत तरी पहिल्या दिवशी एक बटण शोधून ठेवा: ट्रॅक्शन कंट्रोल बंद करायचं. वाळूत चाक जरा घसरलं की ते इंजिनाची ताकदच कापतं आणि गाडी जागीच बसते. बऱ्याच गाड्यांत ते बंद केलं तरी ब्रेकची मदत चालू राहते. सोबत टायरची हवा १८ पीएसआयच्या आसपास उतरवली की तीच क्लचवाली गाडी आधी रुतलेल्या जागेतून निघून जाताना मी पाहिली आहे. डांबरावर परतताना हवा भरायला छोटा पंप डिकीत ठेवा.