नवं शिंगरू दारात आलं: चाबूकस्वाराकडे धाडावं की घरीच रुळवावं?

सारंगखेड्याच्या यात्रेतल्या घोडेबाजारातून अदंत (दुधाचे दात न पडलेलं) नाहीतर दोनदाती (पहिले दोन पक्के दात आलेलं) जनावर घ्यायचं, रातभर टेम्पोत उभं करून घरी आणायचं, आणि सकाळी चहाच्या आधीच घरात दोन तट पडायचे. एक म्हणतो, चाबूकस्वाराच्या, म्हणजे घोडे शिकवणाऱ्याच्या, हवाली करा, दोन महिन्यांत मेणासारखा मऊ करून देईल. दुसरा म्हणतो, लेकरू आहे ते, माया लावा, आपोआप मागं येईल. माझे दोन्ही प्रयोग करून झालेत. पहिला कुमैत (तांबूस-तपकिरी) घोडा बाहेर पाठवला होता. नंतरची अबलख (पांढऱ्या चट्ट्यांची) घोडी घरीच ठेवली. दोघं आज एकाच आवारात आहेत, त्यामुळे फरक रोज डोळ्यांपुढे असतो.

आधी तीन आठवडे, वाट कुठलीही असो

नवं जनावर आल्याआल्या कुणाकडेही पाठवू नका आणि शिकवायलाही घेऊ नका. दोन-तीन आठवडे ते बाकीच्या जनावरांपासून वेगळं ठेवायचं, पाण्याची बादलीसुद्धा वेगळी. बाजारात शेकडो घोड्यांची नाकं एकमेकांना लागलेली असतात. ग्लँडर्ससाठी रक्ताचा नमुना सरकारी पशुवैद्यकामार्फत तपासून घ्या. हा रोग माणसालाही होतो आणि तपासणीत निघाला तर जनावर वाचवता येत नाही. धनुर्वाताची लस टोचली आहे की नाही हे विकणाऱ्याला विचारा, पण त्याच्या उत्तरावर विसंबू नका.

खाणं एकदम बदलायचं नाही. विकणाऱ्याकडून चार दिवसांचा दाणा आणि चारा सोबत घ्या, मग आठ-दहा दिवसांत थोडं थोडं आपल्याकडचं मिसळत जा. घोड्याला उलटी करता येत नाही. पोटात बिघडलं की ते पोटशुळावर जातं, आणि मग रात्री दोन वाजता डॉक्टर शोधत फिरावं लागतं. चंदी, म्हणजे दाणा, कमी, सुका चारा भरपूर, पाणी कायम समोर. पहिल्या दोन दिवसांत नव्या ठिकाणचं पाणी काही घोडी तोंडालाच लावत नाहीत. आमच्या अबलखीनं बादलीभर पाण्यात थोडा गूळ विरघळवल्यावर तोंड घातलं.

या काळात तुमचं काम एकच, बघणं. घोडा उभ्या उभ्या डुलकी काढतो, पण गाढ झोपेसाठी त्याला आडवं व्हावंच लागतं, आणि परक्या जागी तो सहसा आडवा होत नाही. सकाळी त्याच्या कुशीला चारा किंवा लिदीचे डाग दिसले की समजा, जागेवर त्याचा भरवसा बसायला लागला. अबलखीच्या अंगावर तो डाग नवव्या दिवशी दिसला. कुमैताच्या वेळी मी बघितलंच नव्हतं. त्याला मी पाचव्याच दिवशी पाठवून दिलं होतं.

चाबूकस्वाराकडे काय मिळतं

चांगला चाबूकस्वार म्हणजे हातात कसब असलेला माणूस. लांब दोरावर गोल फिरवणं, लगाम तोंडात घ्यायला शिकवणं, जीन चढवणं, मग नांगरलेल्या रानात किंवा नदीच्या वाळूत चालवणं, हे सगळं तो क्रमानं करतो. मऊ जमिनीत घोडा उड्या मारून लवकर दमतो, आणि माणूस पडला तरी फारसं लागत नाही. यात शहाणपण आहे. रेवाल, म्हणजे स्वाराला धक्के न देणारी चाल, पक्की करायची असेल, ढोलावर पाय उचलायला शिकवायचं असेल, तर घरी बसून ते होत नाही. मारवाडी-काठेवाडी रक्तात ती चाल असते, पण सरळ रेषेत, एका लयीत ती टिकवणं हे काम हाताचं आहे. यूट्यूब बघून ते येत नाही.

माझा कुमैत पंचेचाळीस दिवसांनी परत आला तेव्हा रेवाल अशी होती की पाठीवरच्या पेल्यातलं पाणी हलू नये. आणि तरीही मोकळ्या रानात म्होरकी घेऊन मी त्याच्याकडे गेलो की तो पाठ फिरवायचा. हात वर केला की डोकं झटकून मागं. ज्या पोरानं त्याला दीड महिना दाणा घातला, तो एकदा भेटायला आला, तर घोडा पुतळ्यासारखा उभा! म्हणजे घोडा शिकला होता, पण त्या पोराजवळ आणि त्या जागी. घोड्याचं शिकणं माणसाला आणि ठिकाणाला फार चिकटलेलं असतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. विश्वासाचं काम मला शून्यातूनच करावं लागलं. शून्याच्याही खालून म्हणायला हवं, कारण तोंडाच्या कोपऱ्यांत जुने व्रण होते.

त्या व्रणांबद्दल बोललं पाहिजे. काटेरी लगाम आजही बाजारात उघड्यावर टांगलेले दिसतात. ओझ्याच्या आणि गाडीच्या जनावरांबाबतच्या 1965 च्या केंद्रीय नियमांनी काटे असलेल्या लगामाला मनाई केली आहे, तरीही. पाठवण्याआधी विचारा: लगाम कुठला? एका वेळी किती घोडी हाताखाली आहेत? दाणा कोण घालतं? आणि मधे एकदा न सांगता जाऊन या. तोंडाचे कोपरे, तंगाखालची (जीन बांधायच्या पट्ट्याखालची) कातडी आणि मागच्या पायांचे गाठे, म्हणजे खुरांवरचे सांधे, बघा. एखादा चाबूकस्वार या प्रश्नांवर चिडला तर उत्तर मिळालंच.

आणखी एक, शांत घोडा आणि मनातून हरलेला घोडा लांबून सारखेच दिसतात. शांत घोड्याचे कान फिरत असतात, आवाजाकडे वळतात, परत येतात. हरलेल्याचे कान नुसते लोंबतात.

घरी रुळवताना

घरचा मार्ग स्वस्त वाटतो. तो स्वस्त नाही, त्यात पैशाऐवजी दिवस जातात. कुमैत दीड महिन्यात खोगिराखाली आला होता. अबलखीवर नुसती रिकामी जीन चढायला चार महिने लागले.

सुरुवात अगदी कंटाळवाणी असते. आवारात खुर्ची टाकून बसायचं, आणि काही करायचं नाही. फोन बघितला तरी चालेल, फक्त घोड्याकडे टक लावून बघायचं नाही. सहाव्या-सातव्या दिवशी तिनं पाठीमागून येऊन माझ्या टोपीवर फुरफुर केलं. मग हात लावायचा तो तोंडाला नाही, कारण डोळ्यांच्या मधोमध अगदी जवळचं त्याला दिसत नाही. जिथं आयाळ संपून पाठ सुरू होते, तिथं खाजवायचं. घोडी एकमेकांना नेमकं तिथंच दातांनी खाजवतात. 1993 साली फ्रान्समधल्या कामार्ग घोड्यांवर झालेल्या अभ्यासात याच जागी खाजवल्यावर हृदयाचे ठोके मंदावतात असं दिसलं होतं. आपण मानेवर धपाधप थोपटतो ती शाबासकी आपल्यालाच बरी वाटते.

मग येतो दोर, आणि घरच्या मार्गाची खरी परीक्षा. दोर हलकेच ओढायचा. घोड्यानं अर्धं पाऊल पुढं टाकलं, त्या क्षणी ढील द्यायची. ज्या क्षणी ढील मिळते त्या क्षणी तो जे करत होता, ते तो शिकतो. चाबूकस्वाराचा हात हे आपोआप करतो. आपला हात एक-दोन सेकंद उशिरा उघडतो, आणि तेवढ्यात घोड्यानं डोकं वर केलेलं असतं. मग तो शिकतो काय, तर डोकं वर केलं की दोर सुटतो. माझ्या घोडीला मी अशाच दोन वाईट सवयी लावल्या. गूळ हातानं भरवल्यामुळे ती खिसे धुंडाळायला लागली, मग खांद्यानं ढकलायला लागली. साडेतीनशे किलोची ढकल प्रेमाची असली तरी भिंतीवरच नेते! गूळ टोपलीतून द्यायला लागल्यावर महिनाभरानं ती सवय सुटली.

दुसरी चूक तर अंगाशीच आली असती. तिला पहिल्यांदा बांधलं ते लोखंडी खांबाला, पक्की गाठ मारून. शेजारच्या ट्रॅक्टरनं आवाज केला, ती बुजली, मागं ओढली आणि म्होरकी तुटेपर्यंत ओढत राहिली. मान आखडली ती आठवडाभर. खांबाला सुतळीचा वेढा आणि त्या सुतळीला दोर, ही साधी युक्ती मला नंतर कळली. घोडा घाबरला तर सुतळी तुटते, मान वाचते.

बांधण्यावरून आठवलं. आगाडी-पिछाडी लावून, म्हणजे पुढून दोर आणि मागच्या पायांना दोर बांधून, ठाणावर उभं करणं ही जुनी रीत. छावणीत, यात्रेत, जिथं घोड्याला घोडा लागून उभा असतो, तिथं ती लागते. कच्च्या जनावराला घरी पिछाडी लावू नका. ते लाथा झाडणार, दोर गाठ्याला कापणार आणि जखम पावसाळाभर चिघळणार. त्यापेक्षा पन्नास-साठ फूट व्यासाचं गोल आवार करा, दोन-अडीच गुंठ्यांत बसतं. बांबू चालतील, काटेरी तार नको. सोबतीला दुसरं घोडं नसेल तर शेळी ठेवा. आमची शेळी दिसेनाशी झाली की अबलखी खिंकाळून वाडी डोक्यावर घेते.

मग कुणी काय करावं

पुण्या-मुंबईत नोकरी आणि घोडा शेतावर, अशी स्थिती असेल तर घरच्या मार्गाचं नाव काढू नका. शनिवार-रविवारची माया घोड्याला कळत नाही. तो विश्वास ठेवेल तो रोज दाणा घालणाऱ्या गड्यावर. तेव्हा शिकायचं असेल तर गड्यानं शिकायचं, आणि त्याचा पगार त्या हिशेबानं ठरवायचा.

न खच्ची केलेला तरणा घोडा असेल आणि हा तुमचा पहिलाच असेल, तर थेट जाणकाराकडे जा. तिथं हौस चालत नाही. घोडी असेल, रोज सकाळ-संध्याकाळ वीस-वीस मिनिटं देता येत असतील आणि घाई नसेल, तर घरी ठेवा.

माझा कल मात्र तिसरीकडे आहे. पहिला दीड-दोन महिना तुम्ही, आणि मग चाबूकस्वार तुमच्या आवारात. अबलखीच्या वेळी तिसऱ्या महिन्यापासून एक म्हातारा चाबूकस्वार आठवड्यातून दोनदा यायला लागला. दोर माझ्या हातात असायचा, तो कट्ट्यावर बसून नुसतं "सोड... सोड आता" म्हणायचा. बाहेर पाठवण्यापेक्षा हे महाग पडलं, त्याचं जाणं-येणं आणि जेवण धरून. पण ढील कधी द्यायची ते माझ्या हाताला कळलं. सगळ्या गावांत असा माणूस मिळत नाही, हे कबूल. मिळाला तर शिकवणीचे पैसे घोड्याच्या नव्हे, तुमच्या नावावर मांडा.

वयाचा मुद्दा यात कुणी काढत नाही. दोनदाती म्हणजे साधारण अडीच-तीन वर्षांचं जनावर. त्याची पाठ अजून वाढत असते. मणक्यांची वाढ सगळ्यांत शेवटी, पाच वर्षांनंतर पुरी होते. दोन महिन्यांत स्वार बसवून देतो असं कुणी दोनदाती घोड्याबाबत म्हणत असेल तर तेवढ्यावरूनच नाही म्हणा. अबलखीनं आता चार दात केलेत. तिच्या पाठीवर हलकं पोर बसवून दहा मिनिटं चालवणं एवढंच सुरू आहे, तेही नांगरटीत.

नालबंद आला की कुमैताला आजही दोन माणसं धरावी लागतात. अबलखी तीन पाय मुकाट देते. मागचा डावा देताना मात्र अजून कान पाडते, आणि नालबंद आपणहून एक पाऊल मागं सरतो.