राखाडी बुरशी टाळायला पैसे कुठे घालावेत: पंख्यात, ट्रायकोडर्मात की बुरशीनाशकात?

आधी रोग ओळखा, मुंबईत इथेच गल्लत होते. जून ते सप्टेंबरमध्ये कोवळं रोप मातीलगत बारीक होऊन आडवं पडलं, तर ती बहुतेक वेळा रोपांची मर असते, पिथियम किंवा रायझोक्टोनिया या मातीतल्या रोगकारकांमुळे आलेली. राखाडी बुरशी, म्हणजे बोट्रायटिस, पिवळ्या पानांवर, अडकून राहिलेल्या पाकळ्यांवर, कापलेल्या देठावर बसते. वर राखी लव दिसते आणि धक्का लागला की धूळ उडते. तिला 18 ते 23 अंश तापमान मानवतं आणि पानावर काही तास टिकणारा ओलावा लागतो. त्यामुळे आपल्याकडे जास्त सांभाळायचे ते डिसेंबरअखेर ते फेब्रुवारीचे दिवस.

पंखा आणि हवा. पहिला खर्च इथेच करा. थंडीत मुंबईची दुपारची हवा बरीच कोरडी असते, म्हणून सकाळीच बाजूचे पडदे वर केले की पॉलिहाऊसमधली दमट हवा निघून जाते. पावसाळ्यात बाहेरचीच हवा ओली असल्याने नुसते पडदे उघडून भागत नाही, आतली हवा हलती ठेवावी लागते. पंखा दुपारी नव्हे, रात्री आणि पहाटे चालवा, कारण दव तेव्हाच धरतं. पाणी सकाळी दहाच्या आत, कोकोपीटवर, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशावर, पानांवर नाही. प्रोट्रे, म्हणजे रोपांचे कप्प्यांचे ट्रे, गच्चीच्या लादीवर न ठेवता जाळीच्या मांडवावर ठेवले की खालूनही वारा लागतो. एका कप्प्यात एकच रोप.

ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगाच्या बुरशीला रोखणारी मित्रबुरशी. स्वस्त आहे, पण रोग दिसल्यावर टाकून उपयोग नाही. बियाण्याला किलोला 5 ग्रॅम, फवारणीला लिटरला 5 ग्रॅम. पाकिटावर ग्रॅममागे किमान 2 × 10⁶ जिवंत बीजाणूंचा उल्लेख आणि उत्पादनाची तारीख पाहा. तापलेल्या दुकानात महिनोन्‌महिने पडलेली भुकटी म्हणजे नुसती पांढरी पूड. फवारणी संध्याकाळी करा असं सांगतात, कारण उन्हाने बीजाणू मरतात. पण मग पानं रात्रभर ओली राहतात आणि बोट्रायटिसचीच सोय होते. चारच्या सुमाराला फवारा, म्हणजे मावळायच्या आत पानं सुकतात. खरं तर याचा मोठा फायदा पावसाळ्यातल्या मरीवर होतो. राखाडी बुरशीवर ही दुय्यम मदत.

रासायनिक बुरशीनाशक. कार्बेन्डाझिम या औषधाला राखाडी बुरशी जगभर सरावली आहे, शिवाय त्याने ट्रायकोडर्माही मरतो. दोन्हींवर एकदम खर्च करणं म्हणजे पैसे पाण्यात. दुसरं औषध निवडताना लेबलवर तुमचं पीक आणि हाच रोग लिहिलेला हवा, फवारणी आणि काढणी यांत सोडायचे दिवस पाळायला हवेत आणि एकाच गटाचं, म्हणजे एकाच पद्धतीने काम करणारं, औषध लागोपाठ नको. इमारतीच्या गच्चीवर, शेजाऱ्यांच्या खिडक्यांसमोर, हा पर्याय धरूच नका.

गच्चीवरच्या वीस-तीस ट्रेंना साधा टेबलफॅन आणि सकाळचं पाणी पुरतं. रोपवाटिकेत त्याशिवाय पेरणीआधी कोकोपीटमध्ये ट्रायकोडर्मा मिसळा. वसई-पालघरकडच्या टोमॅटो-काकडीच्या पॉलिहाऊसला छताचा प्लास्टिक कागद बदलायचाच असेल, तर आतून थेंब न गळणारा, 200 मायक्रॉनचा घ्या, बुरशीनाशक फक्त रोग दिसू लागल्यावर. टोमॅटोचं पान काढताना खुंट ठेवू नका, खोडालगत स्वच्छ कापा, तेही कोरड्या दिवशी. रोगट भागावर आधी पिशवी चढवा आणि मगच कापा, नाहीतर कापतानाच बीजाणू सगळीकडे उडतात.