स्टेपनी उभी की आडवी: जुन्या गाडीच्या डिकीचा विचार

गाडीची मूळ पट्टी, कडी आणि जॅकची खाच शाबूत असेल, तर स्टेपनी, म्हणजे जादा चाक, डिकीत उभी ठेवावी की आडवी, हा प्रश्न उद्भवतच नाही. कारखान्याने ठरवलेली जागाच वापरावी. मात्र सोलापुरात मी जवळून पाहिलेल्या जुन्या गाड्यांपैकी बहुतेक तीन-चार मालकांकडून फिरत आलेल्या आहेत आणि त्या प्रवासात डिकीतील ही किरकोळ वाटणारी लोखंडी सामग्री सर्वांत आधी नाहीशी झालेली असते. २०२० मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती होऊन स्टेपनी न बाळगण्याची मुभा मिळाली खरी, पण ती ट्यूबलेस टायर, हवेच्या दाबाची सूचना देणारी यंत्रणा आणि पंक्चर काढण्याचे साहित्य असलेल्या गाड्यांसाठी आहे. ट्यूबच्या टायरांवर चालणाऱ्या आपल्या गाड्यांत स्टेपनीला जागा द्यावीच लागते.

माझ्या १९६८ च्या फियाट अकराशेमध्ये मी पहिली सहा वर्षे स्टेपनी आडवी, डिकीच्या तळाशी ठेवली आणि तिच्यावर प्लायवूडची फळी टाकून सामान रचत असे. या पद्धतीचे गुण मी नाकारणार नाही. वजन खाली राहते, वळणावर काही सरकत नाही, आणि फळीमुळे सामानाला सपाट जागा मिळते. पंढरपूर किंवा तुळजापूरपर्यंत जाऊन संध्याकाळी परतणाऱ्याला यात काही उणे वाटेलच असे नाही.

माझे मत बदलले ते अक्कलकोटच्या रस्त्यावर, वळसंगच्या पुढे, एप्रिलमधील भर दुपारी. मागचे डावे चाक बसले. गाडीत आई, पत्नी आणि दोन मुले होती. डिकीत कडक भाकऱ्यांचा डबा, शेंगाचटणीच्या बरण्या, पाण्याची कळशी, अंथरूण आणि नैवेद्याचे साहित्य होते. स्टेपनी या सगळ्याच्या खाली आणि जॅक स्टेपनीच्याही मागे सरकलेला. रस्त्याकडेच्या धुळीत चादर पसरून एकेक वस्तू खाली उतरवावी लागली, नैवेद्याचे ताट आईने तेवढा वेळ हातात धरून ठेवले, आणि चाक बदलायला लागला त्यापेक्षा अधिक वेळ डिकी रिकामी करून पुन्हा भरण्यात गेला. इतके करून बाहेर काढलेल्या स्टेपनीत हवाही पुरेशी नव्हती. फळीखालच्या चाकाची हवा तपासण्यासाठी दर वेळी सामान उपसावे लागते, म्हणून आपण ती तपासत नाही. दोष आळसाचा आहे, हे मान्य. तरी त्या आळसाला खतपाणी घालणारी ही मांडणी आहे, असे मला वाटते.

त्यानंतर गेली चार वर्षे स्टेपनी डिकीच्या बाजूच्या भिंतीला टेकवून उभी आहे. व्हॉल्व्ह दर्शनी बाजूला ठेवल्यामुळे पेट्रोल भरताना हवा पाहता येते. चाक काढण्यासाठी एक पट्टा सोडला की पुरते, सामानाला हात लावावा लागत नाही. पट्टा मात्र जाड कॅनव्हासचा घ्यावा. रबरी पट्टा आपल्याकडच्या उन्हाळ्यात बंद डिकीत तापून कडक होतो आणि माझा तर दुसऱ्याच वर्षी तुटला. कडी बसवताना पत्र्याला नवी भोके पाडू नयेत, जुनी शोधून वापरावीत. पेट्रोलची टाकी पलीकडे कुठे आहे हे पाहिल्याशिवाय ड्रिल हातात घेणे तर धोक्याचेच आहे.

उभ्या चाकाने डिकीची रुंदी कमी होते, हा आक्षेप खरा आहे. माझी मोठी बॅग आता आडवी मावत नाही. त्या बदल्यात तळ मोकळा राहतो, आणि पावसाळ्यात डिकीच्या जुन्या रबरातून झिरपलेले पाणी लगेच दिसते. आडव्या टायरखाली तेच पाणी साचून माझ्या गाडीच्या तळाला गंज धरला होता, तो मला फळी कायमची काढली तेव्हाच कळला.

जॅकचे दोन प्रकार विचारात घ्यावेत. तेलाच्या दाबावर चालणाऱ्या हायड्रॉलिक बाटली जॅकने गाडी उचलणे सोपे, पण तो आडवा पडून राहिला तर तेल गळण्याची शक्यता असते, म्हणून त्याला उभे धरणारी चौकट लागते. स्क्रूचा जॅक फिरवायला कष्टाचा असला, तरी दोन लोखंडी पट्ट्यांच्या मध्ये ठेवून थोडा उघडला की तिथेच घट्ट अडकतो आणि खडखडत नाही. मी तोच ठेवला आहे; टॉमी (दांडा) आणि पाना जुन्या सोलापुरी चादरीच्या तुकड्यात गुंडाळून त्याच्या शेजारी बांधतो. ज्यांना लांबच्या प्रवासात भरपूर सामान न्यावे लागते, त्यांनी आडवी मांडणी कायम ठेवली तरी हरकत नाही, फक्त जॅक आणि पाना फळीच्या वर, डिकी उघडताच हाताला लागतील असे ठेवावेत.