सकाळच्या गोळीची खिडकी

उत्तर गोव्यातल्या ज्या सरकारी केंद्रात मी ब्युप्रेनॉर्फिनची गोळी (गर्द सुटावा म्हणून त्याच्या जागी देतात ती) घेतो, त्याबद्दल लिहितोय. नाव-पत्ता देत नाही. १४४४६ या सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर फोन फुकट लागतो, तिथे विचारा.

मी पेडण्याचा, हरमलच्या बाजूला शॅकच्या किचनमध्ये असतो. गर्द, म्हणजे ब्राऊन शुगर, हेरॉईनचाच प्रकार, ओढायचो.

पैसा एक लागत नाही. सिस्टर गोळी कुटून जिभेखाली घालायला देते. विरघळेपर्यंत तिच्यासमोर बसायचं, बोलायचं नाही, थुंकी गिळायची नाही, शेवटी तोंड उघडून दाखवायचं. चव कडूजहर. पहिल्या दिवशी मात्र टर्की लागल्यावरच जावं लागतं, म्हणजे नाक गळतंय, हाडं ठणकतायत अशा अवस्थेत. अंगात गर्द असताना गोळी घेतली तर तीच टर्की आणते, आणि नेहमीपेक्षा जोराची. डॉक्टरांनी हे मला कोकणीत नीट समजावलं. घाई करणाऱ्या दोघांना परत बाकावर बसवलं. आणखी एक, इथे कोणी गर्दुल्ला म्हणत नाही. नावाने हाक मारतात, पुढे 'बाब' लावतात. इस्पितळात एवढा मान मला ताप घेऊन गेलो तेव्हाही मिळाला नव्हता.

वेळ मात्र भिकार. साडेनऊ ते साडेबारा, नेमकी शॅकवर ब्रेकफास्टची गर्दी असते तेव्हा. मालकाला मी दातांचं काम चाललंय म्हणून सांगतो. इतके दात माणसाला नसतात.

खरी अडचण केंद्राच्या गेटबाहेर आहे. गर्द ओढणं हाच एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याच्या कलम २७ खाली गुन्हा: वर्षभरापर्यंत सक्तमजुरी, किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याच कायद्यात कलम ६४-अ आहे. व्यसनी माणूस स्वतःहून उपचाराला आला तर ओढल्याबद्दल किंवा अल्प प्रमाणातल्या मालाबद्दल (हेरॉईनसाठी ५ ग्रॅमपर्यंत) त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट टाकला तर ही सूट काढून घेता येते. हे मला केंद्रातल्या समुपदेशक बाईंनी सांगितलं. पण भिंतीवर लावायला काय होतं? एड्सची पोस्टरं आहेत, ६४-अ चं चिटोरंही नाही. माझ्या ओळखीचा एक पोरगा गेटपर्यंत येतो आणि वळतो, फायलीतलं नाव पोलिसांकडे जातं या भीतीने. दुसरा एका पुडीपायी तुरुंगात गेला, गोळी बंद पडली. सुटल्यावर त्याने जुन्या मापानेच ओढली. अंगाची सवय मोडली होती, तेवढी झेपली नाही. चतुर्थीच्या आधीच गेला.

आमच्या वाड्यावरचा एकजण पोर्तुगीज पासपोर्टवर लिस्बनला आहे. तो सांगतो, तिथे मेथाडोनची (आमच्या गोळीसारखंच, पण प्यायचं औषध) व्हॅन फिरते, औषध पिऊन माणूस कामावर जातो. (माझे दात वाचले असते.) जुलै २००१ पासून दहा दिवसांपुरता माल बाळगणं तिकडे फौजदारी गुन्हा नाही. माल जप्त होतो, आणि तीन जणांच्या मंडळासमोर जावं लागतं. टोचून घेणाऱ्यांतली एचआयव्हीची नवी प्रकरणं तेव्हा वर्षाला हजारावर होती, २०१२ मध्ये शंभराच्या आत आली. एकट्या कायद्याचं हे काम नव्हे, स्वच्छ सुया आणि मेथाडोनही सोबत होतं. अमेरिकेतल्या ओरेगॉनने २०२१ मध्ये तुरुंग काढून १०० डॉलरचं चलन ठेवलं, हेल्पलाइनला फोन केला की तेही माफ. फोन फार थोड्यांनी केले, उपचारांचे पैसे उशिरा पोहोचले, आणि सप्टेंबर २०२४ पासून परत गुन्हा. त्यांच्याकडे भीती गेली तेव्हा खिडकी तयार नव्हती. आमच्याकडे खिडकी उघडी आहे, सिस्टर गोळी घेऊन बसलीय, आणि पोरगा गेटवरून परत फिरतोय.

गोळीला आणि माणसांना पाचपैकी पाच, वेळेला एक. जाणार असाल तर दहाच्या आत पोहोचा, नंतर रांग वाढते. पहिल्या दिवशी गुंगी येते, स्वतः गाडी चालवू नका, पायलट (मोटरसायकल टॅक्सी) करा. आणि समुपदेशक बाईंना ६४-अ बद्दल खुशाल विचारा, त्या चिडत नाहीत.