गंगापूर रोडवरील रक्तवाहिन्यांच्या तपासणीचे पॅकेज : यंत्रे चांगली, समजावणे तोकडे

नाशिकच्या गंगापूर रोडवरील एका निदान केंद्राने चाळिशीपुढील लोकांसाठी हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या तपासणीचे पॅकेज ठेवले आहे. मधुमेह असलेल्या माझ्या थोरल्या बंधूंची तपासणी आम्ही तेथे करून घेतली. तपासण्या काटेकोर झाल्या, पण त्यांचा अर्थ सांगण्यात केंद्र कमी पडले.

धमनीकाठिण्यात, म्हणजे धमन्यांच्या भिंती थर साचून कडक होण्याच्या आजारात, हा अर्थच महत्त्वाचा असतो, कारण हा आजार वर्षानुवर्षे मुकाट्याने वाढतो. धमनीच्या आतल्या अस्तराखाली एलडीएल, म्हणजे 'वाईट' म्हटले जाणारे कोलेस्टेरॉल साचते, ते गिळायला आलेल्या पांढऱ्या पेशी तेथेच अडकून पडतात, थर जाड होतो आणि पुढे त्यात कॅल्शियम बसून भिंत कडक होते. मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या धमनीत हे घडल्यास पक्षाघाताचा धोका असतो; पायात घडल्यास चालताना पोटऱ्या भरून येतात आणि थांबले की बरे वाटते.

पॅकेजमधली सर्वांत मोलाची तपासणी मला हीच पायांची वाटली. घोट्याचा रक्तदाब आणि दंडाचा रक्तदाब यांचे गुणोत्तर काढतात, ते 0.9 किंवा त्याहून कमी आले तर पायाच्या धमनीत अडथळा असल्याचे मानतात. पांडवलेणीच्या पायऱ्या चढताना दादांचे पाय दुखत, त्याचे खापर आम्ही वयावर फोडत होतो. येथील तंत्रज्ञाने स्वतःहून त्याबद्दल विचारले, दोन्ही पायांची मापे घेतली आणि मधुमेहात धमनी इतकी ताठ होऊ शकते की आकडा 1.4 च्याही वर जाऊन फसवतो, हेही सांगितले.

स्ट्रेस टेस्टच्या, म्हणजे श्रम करायला लावून हृदय तपासण्याच्या चाचणीच्या बाबतीत मात्र अहवाल 'नॉर्मल' येताच काउंटरवरून 'आता काळजी नको' असे सांगण्यात आले, ते मला पटले नाही. ही चाचणी मुख्यतः रक्तपुरवठा अपुरा पडण्याइतका मोठा अडथळा पकडते. हृदयविकाराचा झटका मात्र अनेकदा लहान, मऊ थर फुटून त्यावर गुठळी झाल्याने येतो. सीटी स्कॅनवरील कॅल्शियम स्कोअरचे, म्हणजे हृदयाच्या धमन्यांत बसलेल्या कॅल्शियमच्या मोजमापाचेही तसेच आहे. स्कोअर शून्य असेल तर नजीकच्या काळातला धोका बराच कमी असतो, पण मऊ थर त्यात मोजले जात नाहीत, आणि माहितीपत्रकात मात्र 'शून्य म्हणजे निर्धोक' असे छापले आहे.

लिपिड प्रोफाइलमधील, म्हणजे रक्तातील चरबीच्या तपासणीतील, एलडीएल थेट न मोजता हिशेबाने काढलेले होते. ट्रायग्लिसराइड (रक्तातील चरबीचा एक प्रकार) 400 मिग्रॅ/डेलि च्या वर असल्यास तो नेहमीचा हिशेब चालत नाही. मुख्यतः आनुवंशिक असलेल्या लायपोप्रोटीन-ए ची (एलडीएलसारखाच, धमन्यांना घातक असा रक्तातील कण) तपासणी बहुतेकांना आयुष्यात एकदा केली तरी पुरते, पण ती पॅकेजमध्ये नाही, वेगळे पैसे भरावे लागतात. बाकी व्यवस्था स्वच्छ आणि वेळेवर. उपाशीपोटी रक्त द्यायला थांबलेल्यांना समोरच्या गाडीवरच्या मिसळीचा वास छळतो, त्याला केंद्र तरी काय करणार!

मधुमेह, उच्च रक्तदाब, तंबाखूचे व्यसन किंवा घरात कमी वयात हृदयविकार असलेल्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारून हे पॅकेज जरूर घ्यावे. छातीत दुखत असेल किंवा दम लागत असेल तर मात्र येथे नाव नोंदवत बसू नये, थेट रुग्णालयात जावे. सीटी स्कॅनची सीडी मागितल्याशिवाय देत नाहीत. निघण्यापूर्वी ती मागून घ्यावी.